जिथं आडनाव विचारत नाहीत

आमच्या डोंगरात कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. भूक विचारतात, झोप विचारतात, गुडघा कसा आहे ते विचारतात. आडनाव विचारलं की समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो आणि दाराकडं बघतो. गांजा पिकवणं गुन्हा होता तेव्हाची ही रीत. जे मुळात ठाऊकच नाही ते पोलिसांनी उलटं टांगलं तरी तोंडातून निघायचं नाही. माझ्या कुंपणाला डोरीनचं कुंपण लागून आहे, आमच्या कोंबड्यासुद्धा एकमेकींकडं अंडी घालतात. तरी तिचं आडनाव लुंडग्रेन आहे हे मला कळलं ते कायदा बदलल्यावर, तिनं परवान्याचा कागद दारावर चिकटवला तेव्हा. वाचलं आणि मी ओशाळले. कुणाच्या न्हाणीघरात चुकून डोकावल्यासारखं झालं.

दुसरी रीत कलमांची. आईझाडाची कोवळी फांदी विकायची नाही. ज्यानं आपल्या टेबलाशी बसून हंगामभर कात्री चालवली, त्यानं जाताना मागितली तर नाही म्हणायचं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची, वर दोन सफरचंदं ठेवायची, आणि कुठं लावणार हे विचारायचं नाही.

डोरीनकडची फॉगबेल ही गांजाची जात अशीच घराघरांत गेली. आमच्याकडं सप्टेंबरात फुलं भरायला लागतात आणि नेमकं तेव्हाच समुद्रावरून धुकं चढतं. दोन डोंगर ओलांडून येतं, नदीच्या पात्रातून वर सरकतं, आणि फुलाफुलात जाऊन बसतं. वरून फूल दिसतं टवटवीत. फोडलं की आत राख. बुरशीनं आतल्या आत खाल्लेलं. डोरीन आणि तिचा नवरा हॅल दरवर्षी धुक्यात उभं राहून बघायचे, कुठलं झाड आतून कोरडं राहिलं. त्याचंच बी धरायचे, बाकी सगळं उपटायचे. पंचवीस वर्षं हे चाललं. हॅल आधी मासेमारी करायचा. धुक्यात काही दिसेनासं झालं की बंदराच्या घंटेचा आवाज धरून होडी घरी आणायची, म्हणून त्यानं झाडाला नाव दिलं फॉगबेल, धुक्यातली घंटा. मधे दोन वर्षं तो तुरुंगात होता, याच झाडापायी. तेव्हा डोरीननं एकटीनं बी सांभाळलं. पुढं हॅल गेला, झाड राहिलं.

हंगामात तिच्या कोठारातल्या लांब टेबलाशी आम्ही सगळे बसायचो. फुलाभोवतीची पानं कातरून काढायची, फुलाला धक्का लावायचा नाही. बोटांना राळ चिकटायची, कात्र्या तेलात बुडवून पुसायच्या, आणि एकीनं गाण्याची ओळ टाकली की दुसऱ्यानं पुरी करायची.

धुकं आलं बाई, त्याला दार ना कडी
फूल माझं कोरडं, जशी पेटीतली घडी

यातली पहिली ओळ पर्लची आणि दुसरी हॅलची. पर्ल म्हणजे वरच्या झऱ्यापाशी राहणारी, डोंगरातल्या निम्म्या पोरांची सुईण. तिच्या शेजारी डच बसायचा. पूर्वी लाकूडतोड्या, उंचीला दारात न मावणारा, आणि बोलायला लागला की कात्री विसरणारा.

"डोरीन, आज सूपमधे मीठ आहे की मिठावरपण सरकारची बंदी आलीय?"

"म्हाताऱ्या," पर्ल म्हणायची, "तुझ्या कात्रीपेक्षा तुझी जीभ जास्त कापते. ते फूल बघ, अजून दाढी तशीच आहे त्याला."

"दाढी राहू दे गं. मलाही शोभते, त्यालाही शोभेल."

अशा टेबलाशी एका हंगामात बगळ्या आला. लांब पाय, लांब मान, आणि पाण्यात उभा राहिल्यासारखा स्तब्ध, म्हणून डचनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. त्यानंही हसून मान्य केलं. पोरगा कामाला चांगला होता. आपलं ताट धुतल्यावर दुसऱ्याचंही धुवायचा. कुणाला चहात मध लागतो, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल, कुणाच्या बागेला पाणी कुठल्या झऱ्यातून येतं, सगळं त्याच्या ध्यानात राहायचं. आमच्या रिती इतक्या चटकन कुणी उचलल्या नव्हत्या. कधी काही विचारलं नाही त्यानं. नुसता ऐकायचा. ओळीही जुळवायचा, गोड गळ्यानं.

निघताना त्यानं फॉगबेलचं कलम मागितलं. डोरीननं ओलं फडकं काढलं.

"सकाळच्या उन्हात ठेव. पहिले आठ दिवस तिच्याशी बोलू नकोस, लाजते," ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या हाती पडली तर?" मी तो गेल्यावर बोलले.

"पडू दे की. पोरगी नांदायला गेली म्हणून आईची राहत नाही का?"

मग कायदा झाला. गांजा उघडपणे पिकवा, उघडपणे विका. त्या दिवशी डच आपल्या पिकअपच्या टपावर चढून नाचला आणि टप चेपला. आम्हाला वाटलं, आता पोलिसांच्या हेलिकॉप्टरकडं बघून पळायला नको. पण परवाना म्हणजे काय ते हळूहळू उमगलं. रस्त्याखाली एवढ्या जाडीचे पाइप टाका, पाण्याची टाकी बांधा, ओढ्यातल्या माशांना त्रास होत नाही हे सिद्ध करा, कुंपण, कॅमेरा, कुलूप. एक साहेब येऊन गेला की दुसरा यायचा. डोरीननं हॅलची होडी विकली, लाकूड विकलं, आणि तिसऱ्या वर्षी परवाना मिळवला. डचला, पर्लला, मला तो झेपण्यासारखा नव्हता. माझे सहा वाफे, ओकच्या सावलीत. परवान्याची फी माझ्या अख्ख्या पिकाहून मोठी. आम्ही होतो तिथंच, झाडाखाली राहिलो. फरक एवढाच, आधी सगळे चोर होते, आता आम्हीच उरलो.

डोरीनचं फूल मात्र टॅनओक गावात रूडीच्या दुकानी काचेच्या बरणीत, नावानिशी बसलं. नावावरच त्याचा भाव होता. बिननावाचं फूल तेल काढणाऱ्याला गवताच्या भावानं जातं, आणि त्या भावात डोरीनच्या टाकीचा हप्तासुद्धा सुटला नसता. तिचं घर, बाग, सगळं त्या एका नावाच्या खुंटीला टांगलेलं होतं.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर रूडीनं निरोप पाठवला, येऊन जा. आम्ही गेलो. त्यानं काउंटरवर एक पाकीट ठेवलं. हिरवं, गुळगुळीत, वर डोंगर, डोंगरावर घंटा. खाली ठळक अक्षरांत फॉगबेल. दक्षिणेतल्या मोठ्या कंपनीचं. ती कंपनी काचेच्या छपराखाली पिकवते. छपराचं एक टोक गाठून दुसऱ्याकडं बघावं तर माणूस मुंगीएवढा दिसतो म्हणे.

"त्यांनी मला कळवलंय," रूडी मान खाली घालून म्हणाला. "नाव त्यांच्याकडं नोंदलेलं आहे. दुसऱ्या कुणाचं त्या नावानं ठेवायचं नाही."

"दुसरं कुणाचं म्हणजे माझं?"

"माझ्यावर चिडू नकोस डोरीन. मी दुकानदार. मला कणा भाड्यानं मिळतो, आणि भाडं तेच भरतात."

डोरीननं पाकीट फोडलं. बोटांत फूल चुरडलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग हळूच म्हणाली, "तीच आहे गं. उन्हात वाढवलीय बिचारीला, पण तीच."

आम्ही आयव्हीकडं गेलो. आयव्ही म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानावर एका खोलीत बसणारी वकील. आमच्यासारख्यांचेच खटले घेते, म्हणून तिच्या खुर्चीला अजून तीनच पाय धड आहेत.

"पंचवीस वर्षं मी हे पिकवतेय," डोरीन म्हणाली.

"तेच बोलू नका. ती वर्षं गुन्ह्याची. ती धरत नाहीत. कायद्याच्या लेखी फॉगबेल कंपनीनं पहिल्यांदा विकली, तुम्ही नंतर आलात."

"धरत नाहीत? हॅलला आत टाकलं तेव्हा एकेक झाड मोजून धरलं होतं की."

आयव्हीनं कोरा कागद पुढं ओढला. म्हणाली, "एक वाट आहे. त्या माणसानं विश्वासानं कलम नेलं आणि विश्वास मोडला, एवढं दाखवता आलं तर नोंदीला हरकत घेता येईल. कोण तो?"

"बगळ्या. डोंगराबाहेरचा कलम नेणारा तोच एक."

"नाव सांगा हो."

"सांगितलं ना. बगळ्या."

"बरं. तो तिथं होता हे सांगणारे साक्षीदार?"

"डच आहे. पर्ल आहे. ही आहे."

"डच काय? पर्ल काय?"

डोरीननं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आणि आम्हाला हसू फुटलं. पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आयव्ही हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग आमचंही हसू विझलं.

तरी तिनं हरकत घेतली, डोरीनच्या एकटीच्या नावावर. चार आठवड्यांत कंपनीचा निरोप आला, सुनावणीआधी एकदा बसून बोलू. डोरीनला हमरस्त्यावर गाडी चालवायला भीती वाटते, म्हणून मी तिला घेऊन गेले, आयव्हीही आली. हॉटेलातली खोली, लांब टेबल, थंडगार हवा, पाण्याच्या बाटल्या. पलीकडं कंपनीची वकीलबाई, आणि तिच्या शेजारी बगळ्या. दाढी काढलेली, केस बसवलेले. समोर नावाची पाटी होती: प्रेस्टन मॅकॉल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं आडनाव बघितलं.

तो उठून आला. "डोरीन, गुडघा कसा आहे?"

"दुखतो," ती म्हणाली.

वकीलबाई बोलायला फार मऊ. म्हणाली, तुमचं दुःख आम्ही समजतो. हरकत चालवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मग मात्र त्या टेबलाशी कोण कोण बसलं, प्रत्येकाला बोलवावं लागेल. शपथेवर. कुठं राहता, काय पिकवता, कधीपासून, परवाना आहे का. बिनपरवाना बागेवरचा काउंटी सरकारचा दंड तर तुम्हाला ठाऊक आहेच, दिवसागणिक चढतो.

"नावं कुठून आणणार?" मी म्हणाले. "आम्हालाच ठाऊक नाहीत."

बगळ्या माझ्याकडं वळला. प्रकृती विचारावी तशा आवाजात म्हणाला, "नावं कशाला लागतात? डच अजून त्या जळक्या ओकमागंच आहे ना? खालच्या गेटची कडी उचलून आत ढकलावी लागते. पर्ल झऱ्याच्या वर, डाव्या हाताला. आणि तुमचे सहा वाफे? सावली फार झाली असेल आता."

डोरीन त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही, धुक्यात झाड बघायची तशी, आत काय आहे ते.

"तू आमच्यात बसून गायलास," ती म्हणाली.

"अजून येतात मला त्या ओळी." त्याचा चेहरा खरोखर उजळला. "पाकिटाच्या मागं एक छापलीय, धुक्याची. बघितली नाहीत?"

आम्ही मागं उलटून बघितलंच नव्हतं.

वकीलबाईनं कागद पुढं सारले. हरकत मागं घ्यायची. ते नाव पुन्हा वापरायचं नाही. या बैठकीबद्दल कुठं बोलायचं नाही. बदल्यात डोरीनचं पीक कंपनी दरसाल उचलेल, ठोक भावानं, आपल्या पाकिटात घालून विकायला.

आयव्ही म्हणाली, घाई करू नका, विचार करा. मी डोरीनला दाराबाहेर ओढलं.

"सही करू नकोस. माझे वाफे मी आज उपटते. पर्लही उपटेल."

"आणि डच?"

माझ्या हातातून तिची बाही सुटली.

"डचला एवढं कळायचा अवकाश," डोरीन म्हणाली, "बूट चढवून स्वतः इथं येईल. शपथेवर आईबापांसकट सगळी नावं सांगेल, वर त्या टेबलावर थुंकेल. आणि त्याचं घर जाईल. सत्तरी उलटलेला माणूस कुठं जाईल गं?"

"मग त्याला निदान सांग तरी, तू कशापायी सोडलंस ते."

"सांगितलं की येईलच तो. तू पण सांगायचं नाहीस. हॅलची शपथ आहे."

आत जाऊन तिनं सही केली. पूर्ण आडनावासकट.

ऑक्टोबरात कंपनीचा ट्रक डोंगर चढून आला. एवढा मोठा की वळणावर पर्लच्या सफरचंदाची फांदी मोडली. सगळ्या डोंगरानं तो बघितला. त्यांना कातरलेली फुलं नको होती. देठासकट, पोत्यात कोंबून हवी होती. कातरायला यंत्र आहे त्यांच्याकडं. दोघा माणसांनी दुपारपर्यंत बाग रिकामी केली. डोरीन पायरीवर बसून होती. एकदाच उठली, पोतं दाबताना एकजण बूट ठेवून उभा राहिला तेव्हा. मग पुन्हा बसली.

पुढच्या शनिवारी रूडीच्या दुकानासमोर डच भेटला. आम्हाला बघून मुद्दाम थांबला.

"काय गं डोरीन, हॅलला कितीला विकलंस?"

रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. डोरीननं माझा दंड धरला, नखं रुतेस्तोवर.

"बरा भाव आला," ती म्हणाली.

"छान झालं. त्यातून नवे दात बसवून घे. कंपनीच्या फोटोत हसायला लागतील."

"बघते," ती म्हणाली.

त्या हंगामात तिच्या कोठारात कुणी आलं नाही. कातरायलाही काही नव्हतं म्हणा. तरी मी गेले. लांब टेबलाच्या एका टोकाला आम्ही दोघी बीन्स सोलत बसलो. मी एक ओळ टाकली, सवयीनं. तिनं पुरी केली नाही. म्हणाली, "ती त्यांची आहे आता." पर्ल रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलायची, डोरीनशी नाही. डोंगरात पोरं खेळताना कुणी गोट्या चोरल्या तर एकमेकांना डोरीन म्हणायला लागली.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांचं काय झालं? काउंटीची माणसं आली नाहीत, दंड आला नाही, हेलिकॉप्टर आलं नाही. आला तो पडता भाव. दक्षिणेत अजून एक काचेचं छप्पर चढलं, मग अजून एक. फुलाचा भाव असा घसरला की परवाना असलेला आणि नसलेला, दोघंही एकाच चिखलात बसले. चोरून घेणारं गिऱ्हाईकसुद्धा म्हणायला लागलं, दुकानात याहून स्वस्त मिळतं, काकू. पर्लनं पहिल्यांदा सोडलं आणि ती बहिणीकडं गेली. मी वाफ्यांत बटाटे लावले. डचनं अजून एक वर्ष काढलं, कसं ते त्यालाच ठाऊक. मग जमीन विकायला काढली आणि नेवाडात मुलीकडं जायचं ठरवलं.

तो निघायचा त्या सकाळी मी डोरीनकडं गेले.

"आता कुणाला वाचवायचंय गं? त्याची बाग नाही, घर नाही. जाऊन सांगते मी. शपथ सुटली समज."

"नको."

"अगं, शिव्या देत चाललाय तुला. अख्ख्या जन्माचा मैतर."

डोरीन झाडाला पाणी घालत होती, थांबली नाही. "तिकडं वाळवंटात, मुलीच्या घरी मागच्या खोलीत बसेल तो. ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही तिथं. सोबतीला नेतोय काय, तर माझ्यावरचा राग. तेवढा तरी असू दे त्याच्यापाशी. खरं सांगितलंस तर मग रात्रंदिवस स्वतःलाच खाईल."

"आणि तू?"

"मला तू आहेस की."

पिकअप खाली आला तेव्हा आम्ही दोघी गेटपाशी होतो. मागं शेगडी, दोन खुर्च्या, गादी, सगळं दोरीनं आवळलेलं. खड्ड्यापाशी डचला वेग कमी करावा लागला. आमच्यापासून हातभर अंतरावरून गेला. मान सरळ, डोळे रस्त्यावर. मी हात वर केला, मला त्यानं बोटानं सलाम केला. डोरीनकडं त्यानं बघितलं नाही. जरा पुढं गेल्यावर खिडकीतून थुंकला, आणि वळला.

धूळ खाली बसेपर्यंत डोरीन उभी होती.

"मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे त्याच्या," ती म्हणाली. "कुणीतरी सांगायला हवं होतं."